शंभरातले नऊ

लहानपणी आमच्या पेठेत दिवाळी सरली की नंदीबैल येत असे. अंगावर रंगीबेरंगी झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगुरमाळ आणि सोबत गुबुगुबु ढोल वाजविणारा त्याचा धनी. आम्ही पोरे भोवती गोळा व्हायचो. धनी विचारायचा, "सांग रं राजा, यंदा पाऊस पडंल का?" नंदी मान डोलवायचा. "या घरातल्या लेकराला नोकरी लागंल का?" नंदी पुन्हा मान डोलवायचा. एकदा आमच्यातल्या एका वात्रट पोराने मधेच विचारले, "यंदा दुष्काळ पडंल का?" नंदीने त्यालाही तितक्याच मनोभावे मान डोलविली आणि आम्ही पोट धरधरून हसलो. आजी मात्र सूपभर जोंधळे घेऊन बाहेर आली. मी तिला विचारले, "आजी, तुला हे सारं पटतं?" ती म्हणाली, "अरं, नंदी दारात आला की दाणं घालावं. पेरायला मातूर आभाळ बघूनच जावं."

ही आठवण आज सांगण्याचे कारण असे, की २०२२ च्या नोव्हेंबर महिन्यात मी स्वतःच नंदीबैल झालो होतो. ढोल वाजवायलाही कुणी लागले नाही.

बाहेरगावाहून आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या प्राध्यापकांना पहिल्या वर्षी एका गोष्टीचे नवल वाटते. सारा महाराष्ट्र क्रिकेटचे नाव घेत असताना या कोल्हापुरात पेठापेठांतून, तालमीतालमींतून फुटबॉल कसा? शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की अर्ध्या शहराचा जीव टांगणीला लागतो. आणि दर चार वर्षांनी विश्वचषक आला, की ज्या देशांचा नकाशावर पत्ता विचारला तर आमची बोबडी वळेल, त्या देशांसाठी आमच्या गल्ल्या एकमेकींशी भांडतात. एका कोपऱ्यावर ब्राझीलचा पिवळा झेंडा, तर दुसऱ्यावर अर्जेंटिनाचा निळा-पांढरा. आमची गल्ली अर्जेंटिनाची. का, ते आम्हांला विचारू नका. मॅराडोनाच्या काळात वडीलधाऱ्यांनी ठरविले आणि ते घराण्याच्या कुलदैवतासारखे आमच्याकडे चालत आले.

मी तेव्हा बी. ए. च्या दुसऱ्या वर्षात होतो. माझा मावसभाऊ पुण्यात अभियांत्रिकी शिकत होता. दिवाळीच्या सुट्टीत तो लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "आपण विश्वचषकाचं भाकीत करू. कृत्रिम बुद्धिमत्तेनं." मला एवढे मोठे शब्द ऐकूनच गुदगुल्या झाल्या.

वस्तुतः त्या कारखान्यात जादू अशी काही नव्हती. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांची एक यादी मिळते, अगदी पहिल्या सामन्यापासूनची. तो पहिला सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगो येथे स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला आणि ०-० असा सुटला. तेव्हापासूनचे चाळीस हजारांहून अधिक निकाल आम्ही यंत्रापुढे मांडले. प्रत्येक संघाला एक गुणांक दिला. ही पद्धत मूळची बुद्धिबळातली. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकविणारे प्राध्यापक अर्पाद एलो यांची. तिचे तत्त्व आपल्या तालमीतल्या वस्तादालाही पटेल असे आहे. दांडग्याने किरकोळ गड्याला चीत केले तर त्याची किंमत फारशी वाढत नाही. किरकोळ गड्याने दांडग्याला लोळविले तर मात्र एकदम वाढते. २०१८ पासून फिफानेही देशांची क्रमवारी लावायला हीच रीत उचलली.

पुढचे काम यंत्राचे. आम्ही त्याला नियम सांगितले नाहीत, उदाहरणे दिली. दोन्ही संघांचे गुणांक, सामना कुणाच्या मैदानावर, अलीकडे कुणी किती गोल केले आणि किती खाल्ले, एवढे सांगायचे आणि गोल किती होतील ते विचारायचे. ते चुकायचे. खरा निकाल दाखविला की आपल्या आतले आकडे थोडे इकडे, थोडे तिकडे सरकवायचे आणि पुन्हा अंदाज करायचे. असे हजारो वेळा. आमच्या वाण्याच्या नव्या पोऱ्याने तराजू न लावता साखरेची पुडी बांधायला शिकावे, तसे. शेवटी शेवटी त्याचा हात बसला. आम्ही मुद्दाम दडवून ठेवलेल्या दोन वर्षांच्या सामन्यांवर त्याची परीक्षा घेतली, तीत ते बऱ्यापैकी उतरले.

२२ नोव्हेंबरला अर्जेंटिनाचा पहिला सामना होता, सौदी अरेबियाशी. अर्जेंटिना क्रमवारीत तिसरी, सौदी अरेबिया एक्कावन्नावा. अर्जेंटिना सलग छत्तीस सामने हरलेली नव्हती. यंत्राने दोन आकडे दिले: अर्जेंटिनाचे सरासरी गोल २.२, सौदीचे ०.६. आता सरासरीवरून शक्यता काढायला प्वासाँ या फ्रेंच गणितीचे सूत्र आहे. क्वचित घडणाऱ्या घटनांचा हिशेब त्याने होतो. १८९८ मध्ये बोर्तकिएविच नावाच्या पंडिताने प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्या शिपायांची संख्या त्यात बसवून दाखविली. १९८२ मध्ये मायकेल मेहर यांनी फुटबॉलच्या गोलांसाठी त्याच सूत्राचा पाया घेतला. घोड्याची लाथ काय आणि खेळाडूची लाथ काय, गणिताला दोन्ही सारख्याच! तर त्या सूत्राने आमचे उत्तर आले: अर्जेंटिना जिंकण्याची शक्यता शंभरात चौऱ्याहत्तर, बरोबरीची सतरा आणि सौदीची नऊ.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी माझा मित्र आला. हा आमच्या पेठेच्या पोरांच्या संघाचा गोलकीपर. वडील लवकर गेलेले, आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटते. आणि याचा प्रामाणिकपणा असा, की संघाच्या नव्या जर्सींसाठी जमविलेली वर्गणी सगळ्यांनी डोळे मिटून याच्याकडे ठेवली होती. साडेआठ हजार रुपये. हे मला ठाऊक होते. त्या पैशांचा आणि त्याच्या प्रश्नाचा काही संबंध असेल, हे मात्र माझ्या मनातही आले नाही.

"काय मर्दा," तो म्हणाला, "तुझं मशीन काय म्हणतंय? उद्या आपली अर्जेंटिना जिंकतीय न्हवं?"

मी ऐटीत म्हणालो, "चौऱ्याहत्तर टक्के."

"ते टक्क्याचं कळत न्हाई मला. हो का न्हाई, तेवढं सांग."

वाचकहो, त्या क्षणी मला सतरा आठवत होते, नऊही आठवत होते. पण चहाच्या गाड्यावर आणखी चारपाच पोरे उभी होती. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे लागलेले. आयुष्यात प्रथमच कुणी मला एवढ्या आदराने काही विचारत होते. मैदानावर मला कधी कुणी अकरा जणांत घेतले नाही. राखीव खेळाडूंच्या चपला सांभाळण्यात माझी क्रीडा-कारकीर्द गेली. त्या मोहाला मी बळी पडलो.

मी मान डोलविली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला तालमीच्या हॉलमध्ये पडदा लावून आम्ही सारे बसलो. दहाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला आणि फटाके वाजले. पहिल्या अर्ध्या वेळात अर्जेंटिनाने आणखी तीनदा चेंडू जाळीत घातला. तिन्ही वेळा ऑफसाइड. त्या विश्वचषकात ऑफसाइड पकडायलासुद्धा यंत्र होते. छताखाली बारा कॅमेरे आणि चेंडूच्या पोटात एक संवेदक. एक गोल तर अगदी तसूभर फरकाने गेला. मध्यंतरानंतर अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला अल-शेहरीने बरोबरी केली. त्रेपन्नाव्या मिनिटाला अल-दौसरीने दोघांना चकवून असा काही फटका मारला, की हॉलमधला पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला. मग सौदीचे खेळाडू जिवाच्या कराराने बचाव करीत राहिले आणि आम्ही घड्याळाकडे बघत राहिलो. १-२. सौदी अरेबियाच्या राजाने दुसऱ्या दिवशी देशाला सुट्टी जाहीर केली.

नेमका हाच १-२ असा निकाल लागण्याची शक्यता आमच्या कोष्टकात शंभरात जेमतेम अडीच होती. रात्री मी ते कोष्टक पुन्हा उघडले. तो आकडा तिथे होता, पहिल्यापासून होता. माझे यंत्र खोटे बोललेले नव्हते.

माझा मित्र हॉलमधून कधी उठून गेला ते मला कळले नाही. रात्री दहाला तो आमच्या दारात आला आणि पायरीवरच बसला. वर्गणीचे सगळे पैसे त्याने सट्ट्यावर लावले होते. वर येणाऱ्या पैशांतून आईच्या चष्म्याचे काम करायचे आणि वर्गणी जिथल्या तिथे ठेवायची, असा बेत. मी काय बोलावे तेच सुचेना. शेवटी म्हणालो, "मी तुला चौऱ्याहत्तर सांगितलं होतं."

"सांगितलंस की," तो म्हणाला. "मग मान कशाला हलवलीस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी त्याने संघाला सारे सांगून टाकले. त्या सबंध महिन्यात तो रात्री गुऱ्हाळावर कामाला जाई आणि सकाळी डोळे लाल घेऊन सरावाला येई. माझ्या शिष्यवृत्तीतले दोन हजार त्याने मोठ्या मिनतवारीने घेतले. हंगामातला पहिला सामना आमची पोरे जुन्या जर्सींतच खेळली. पाठीवरचे आकडे इतके विटलेले, की पंचांना ते जवळ जाऊन वाचावे लागत.

मी संख्याशास्त्र शिकविणाऱ्या आमच्या सरांकडे गेलो. यंत्र फेकून द्यावे असे मला वाटत होते. सर म्हणाले, "एका सामन्यावरून नऊ हा आकडा चूक ठरत नाही. तू ज्या ज्या वेळी नऊ म्हणशील, त्या शंभर वेळांपैकी साधारण नऊ वेळा तसे घडले पाहिजे. एकदाही घडले नाही, तर तुझे यंत्र नापास." मी अवाक झालो. सौदीचा विजय हा माझ्या यंत्राच्या खरेपणाचाच एक भाग होता तर! पुढे वाचनात आले, की ग्रेसनोट या आकडेवारी गोळा करणाऱ्या कंपनीनेही सौदीच्या विजयाची शक्यता ८.७ टक्के धरली होती आणि विश्वचषकाच्या इतिहासातला तो सर्वांत अनपेक्षित निकाल ठरविला होता. त्यांच्या लेखी तोवरचा मान १९५० मध्ये अमेरिकेने इंग्लंडला हरविले त्या सामन्याचा होता.

मग मी इतर भविष्यवेत्त्यांचा शोध घेतला. मोठमोठे नंदी भेटले. २०१८ मध्ये गोल्डमन सॅक्स या बँकेने लाखो आकडेमोडी करून सांगितले, की अंतिम सामन्यात ब्राझील जर्मनीला हरवील. जर्मनी दक्षिण कोरियाकडून हरून गटातच गारद झाली, ब्राझीलला बेल्जियमने उपांत्यपूर्व फेरीत घरी धाडले. त्याच वर्षी जर्मनी आणि बेल्जियममधल्या काही संख्याशास्त्रज्ञांनी शेकडो 'निर्णयवृक्षांचे' रान उभे केले. गावकीत जसे पुष्कळांचे मत घेऊन निवाडा करतात, तशी ही यंत्राची गावकी. तिने पहिली पसंती स्पेनला दिली, शंभरात सुमारे अठरा. आणि स्पर्धा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी स्पेनच्या संघटनेने आपल्या प्रशिक्षकालाच काढून टाकले! कुठल्या झाडाच्या कुठल्या फांदीला हे ठाऊक असणार? २०२२ मध्ये लंडनच्या ॲलन ट्यूरिंग संस्थेने ब्राझीलला सर्वाधिक, म्हणजे सुमारे पंचवीस टक्के शक्यता दिली. ब्राझील क्रोएशियाकडून पेनल्टींवर हरले. पण पंचवीस म्हणणे याचा अर्थच पंचाहत्तर वेळा नाही म्हणणे. लोकांनी मात्र वाचले ते 'यंत्र म्हणते ब्राझील' एवढेच.

यांच्यापेक्षा जर्मनीतल्या मत्स्यालयातला पॉल नावाचा ऑक्टोपस भाग्यवान. २०१० मध्ये त्याने आठपैकी आठ सामने बरोबर सांगितले. नाणे उडवून असे होण्याची शक्यता दोनशे छपन्नांत एक. मात्र जगातल्या दोनशे छपन्न मत्स्यालयांत एकेक प्राणी भविष्य सांगायला बसविला, तर त्यांतला एखादा असा निघण्याचीच शक्यता अधिक, आणि वर्तमानपत्रांत फोटो त्याचाच येणार. हाच पॉल २००८ च्या युरोपीय स्पर्धेत सहांपैकी दोनदा चुकला होता, हे कोण लक्षात ठेवतो?

देशादेशांतल्या सामन्यांचे भाकीत तर अधिकच अवघड. एखादा क्लब आपल्या लीगमध्ये वर्षाला अडतीस सामने खेळतो. देशाच्या संघाला वर्षात दहाबारा मिळाले तरी पुष्कळ. यंत्राने शिकावे कशावरून? त्यातून चार वर्षांनी निम्मा संघ बदललेला. आणि फुटबॉलमध्ये गोलच मुळी दोनतीन. ज्या खेळात शंभर गुण होतात, तिथे एखाद्या चुकीची भरपाई होते. इथे एक घसरलेला पाय आणि एक तसूभर ऑफसाइड सारा हिशेब उलटवितो. यामुळेच तर दुबळा संघ मोठ्या आशेने मैदानात उतरतो. त्या नवाच्या जागी शून्य असते, तर सौदीच्या पोरांनी बूट बांधलेच नसते.

त्याच विश्वचषकात एक योगायोग घडला. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे ग्लासगोच्या त्या पहिल्या सामन्याला बरोबर दीडशे वर्षे झाली त्या दिवशी, चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले. माझ्या मावसभावाच्या यंत्राला निदान बोलता येत नव्हते; ते आकडे देऊन गप्प बसे. हे नवे यंत्र सफाईदार वाक्यात उत्तर देते. 'अमुक संघाचे पारडे जड आहे, कारण...' असे पुढे चार मुद्दे. वाचणाऱ्याला वाटते, की विचारपूर्वक सांगितलेले आहे, तेव्हा खरेच असणार. त्या गोड वाक्यात उरलेले सव्वीस कुठे गेले, हे विचारायचे सुचतच नाही. दोष यंत्राला देण्यात अर्थ नाही. आपण प्रश्नच नंदीला विचारावा तसा विचारतो, आणि आपल्याला हवी असते ती डोलणारी मान.

१८ डिसेंबरला अंतिम सामना होता, अर्जेंटिना आणि फ्रान्स. संध्याकाळी मी मित्राला म्हणालो, "आज सगळे आकडे सांगू का? तिन्ही?" तो म्हणाला, "नगं. आज नुसतं बघू."

तो सामना कुणाला पुन्हा सांगायला नको. ऐंशी मिनिटांपर्यंत २-०. मग दीड-दोन मिनिटांत एम्बापेचे दोन गोल. जादा वेळेत ३-३. आणि एकशे तेविसाव्या मिनिटाला फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा गोलकीपरसमोर. सारा हॉल उभा राहिला. अर्जेंटिनाचा मार्टिनेझ पुढे सरसावला, हातपाय फाकले, आणि चेंडू त्याच्या डाव्या पायाला लागून बाहेर गेला. पुढे पेनल्टींवर अर्जेंटिना ४-२ जिंकली. गल्लीत रात्रभर हलगी वाजत होती.

त्या गोंधळात मी मित्राला विचारले, "चेंडू तिकडंच येणार हे त्याला कळलं कसं?"

तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघू लागला. "त्याला कुठलं कळतंय? मारणाऱ्यालाच ऐनवेळेपतूर ठावं नसतं. गोलकीपरनं दोन पावलं म्होरं यायचं, अंग पसरायचं आन् जेवढी जागा झाकंल तेवढी झाकायची. उरली ती उरली. तिथनं गोल झाला तर चेंडू उचलायचा आन् मधी द्यायचा."

मी स्तब्ध झालो. ज्याला टक्के कळत नाहीत असे मी समजत होतो, तो दर रविवारी मैदानात टक्क्यांतच उभा राहत होता. पुढे काय होणार हे त्याला माहीत नसते आणि माहीत असल्याचे सोंगही तो आणत नाही. कुठे उभे राहिले तर उघडी जागा कमी होईल, एवढेच तो बघतो, आणि उरलेल्या जागेतून गोल होऊ शकतो हे मनाशी धरून उभा राहतो. आजी आभाळ बघून पेरायला सांगत होती, ते याहून वेगळे कुठे होते? आभाळ बघूनही पेरणी वाया जाऊ शकते. म्हणून तर थोडे बियाणे घरात राखून ठेवायचे. मी जर त्या संध्याकाळी मान डोलविण्याऐवजी "अकरा वेळा खेळले तर एकदा सौदी जिंकेल, आणि तो दिवस उद्याचाही असू शकेल" असे म्हटले असते, तर त्याने पैसे लावलेच नसते असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण निदान उघडी जागा त्याला दिसली असती.

आज मी एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंत्र अजून आहे, आणि मावसभावापेक्षा मीच ते अधिक चालवितो. कनिष्ठ महाविद्यालयातली पोरे येऊन विचारतात, "दादा, कोण जिंकणार?" मी तिन्ही आकडे सांगतो. त्यांतला सर्वांत लहान आकडा आधी सांगतो आणि दोनदा सांगतो. पोरे कंटाळून निघून जातात. मान डोलविणाऱ्यांची जगात वाण नाही. त्यांना दुसरा कुणी तरी भेटतोच.

परवा माझा मित्र चहाच्या गाड्यावर भेटला. रविवारी आमच्या पेठेचा सामना आहे. तो थट्टेने म्हणाला, "काय मर्दा, आपल्या म्याचचं काय म्हणतंय तुझं मशीन?"

मी म्हणालो, "त्यात आपल्या पेठेची नोंदच नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. बशीत उरलेला चहा त्याने संपविला, हातमोजे काखोटीला मारले आणि सरावासाठी मैदानाकडे निघाला.